राजाने तोललेला वानवळा

एका राज्यात भाजी विकत घ्यायची रीतच नव्हती. बाजार होता, बाजारात मीठ होते, गूळ होता, बांगड्या होत्या, हत्तीच्या पाठीवरच्या झुलीसुद्धा होत्या. पण भाजीचे दुकान नव्हते. ज्याच्या त्याच्या घरामागे परसू, परसात मांडव आणि मांडवावर वेल. घोसाळी, पडवळ, घेवडा, कारली. वेल एकदा धरू लागला की एका घराच्या पोटाला पुरून चार घरांना उरतो. मग बायका दोन पडवळे पदराखाली झाकून शेजारी जात, "आमच्या वेलाची आहेत हो, चार घास खा," म्हणत, आणि शेजारीण ती हसून घेई. ह्याला म्हणत वानवळा. वानवळ्याला भाव नसे, त्याबद्दल कोणी आभार मानीत नसे, आणि कोणी किती दिला हे ध्यानातही ठेवीत नसे. त्या राज्याच्या राजाने हा वानवळा तराजूत घातला, त्याची ही गोष्ट. ह्यात एक शाप आहे; तो सुटतो, काळजी नको. पण गोष्ट आनंदाची आहे असे मी म्हणणार नाही.

राजाचे नाव न्यायकेतू. त्याला एका गोष्टीचा फार अभिमान होता: आपण कोणाचे काही फुकट घेत नाही. न्हाव्याने मिशी कोरली की त्याच्या तळहातावर मोहर. भाटाने कवन म्हटले की मोहर. एकदा ठेच लागली तेव्हा एका गवळ्याने त्याला हात दिला, तर त्या हातावरही मोहर. लोक म्हणत, राजा उदार आहे. मी म्हणतो, राजाला कोणाचे उपकार पचत नव्हते.

त्याला एक थोरली बहीण होती, कुमुदिनी. आई लहानपणीच गेली, तेव्हा ह्या अक्काने त्याला कडेवर घेऊन वाढवला होता. ती नदीपलीकडे एका लहान सरदाराला दिली होती. दर वर्षी तिच्या वेलाला पहिली घोसाळी लागली की ती टोपली डोक्यावर घेई, अर्ध्या दिवसाची वाट पायी चाले आणि राजवाड्यात येई. केतूला घोसाळ्याची भाजी आवडते, एवढेच तिचे कारण. दासी होत्या, मेणा होता. पण वानवळा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नसतो, असे तिचे म्हणणे.

एका वर्षी पाऊस कमी झाला आणि घाटातल्या वाटा बंद पडल्या. धान्य दुपटीने महागले, गूळ चौपटीने. दुसरे राज्य असते तर हाहाकार झाला असता. इथे लोकांनी परसात दोन वेल जास्त लावले, वानवळे जास्त फिरू लागले, आणि कढईत काही ना काही पडत राहिले.

त्याच वर्षी दरबारात परमुलखाचे वकील बसले होते. रेशमी अंगरखे, बोटांत हिरे. तेवढ्यात कुमुदिनी आत आली. पायांना धूळ, डोक्यावर टोपली. तिने टोपली सिंहासनाच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "केतू, पहिली आहेत. कोवळी आहेत तोवर कर."

एका वकिलाने हात तोंडावर नेऊन हसू लपवले. राजाने ते पाहिले. त्याचे कान तापले.

"तराजू आणा," राजा म्हणाला.

तराजू आला. घोसाळी भरली साडेतीन शेर. भाजीला भाव नव्हता, म्हणून त्या दिवशीच्या गुळाचा भाव लावला. सात मोहरा झाल्या. राजाने त्या बहिणीपुढे धरल्या.

"हा राजा कोणाचे फुकट खात नाही," तो वकिलांना ऐकू जाईल असे म्हणाला. "आजपासून राज्यात कोणीही खाणार नाही. वानवळा घेईल त्याने बाजारभाव द्यावा. न देईल त्याला दंड."

कुमुदिनी मोहरांकडे पाहत राहिली. "केतू, मी भाजी विकायला आले नव्हते रे," ती हळूच म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "ज्या हाताने वानवळा तोलला, तो हात स्वतः पिकवून कोणाच्या दारी वानवळा नेईपर्यंत ह्या राज्यात फूल फळ धरणार नाही. आणि तोपर्यंत मी घरच्या साठवणीवर राहीन. दुसरा घास घेणार नाही."

माहेरी अपमान झालेल्या लेकीचा शब्द त्या राज्यात खाली पडत नसे. मोहरा राजाच्या हातून पायरीवर पडल्या त्या तिथेच चिकटल्या; पुढे लोहाराने घण घातला तरी निघाल्या नाहीत. शब्द तोंडातून गेल्यावर कुमुदिनीलाच रडू आले. पण ती मागे वळली नाही, आणि राजाने हाक मारली नाही. हाक मारायला एक पळसुद्धा लागले नसते.

दुसऱ्या दिवसापासून राज्यातली फुले गळू लागली. वेल चढत, कळ्या येत, पिवळीधमक फुले उमलत, आणि दुपारपर्यंत मांडवाखाली त्यांचा सडा पडे. फळ एकही नाही. मग बाजारात भाजीचे दुकान लागले. माल परमुलखाहून येई. मेथीची जुडी आधी एक तांब्याचा पैसा, मग चांदीचा रुपया, मग हातातली बांगडी. वांग्यासाठी एका बाईने मंगळसूत्राची वाटी मोडली. वानवळा तर संपलाच. द्यायला काही नव्हते, आणि द्यावे तर दंडाची भीती. चूल पेटेना तेव्हा लोकांनी उतरंडीतले बियाणे काढले आणि डोंगरावरच्या कवडीनाथ मांत्रिकाला विकून धान्य आणले. परसातली माती सुकली, तिथे लोक मोडकी बाजली टाकू लागले.

अशी दोन वर्षे गेली.

एके सकाळी राजाच्या खिडकीत एक पक्षी येऊन बसला. बोटाएवढा, हिरवट पाठीचा. तो शिंपी पक्षी होता, पाने शिवून घरटे करतो तो. त्याच्या चोचीत कापसाचा धागा होता. तो त्याने खाली ठेवला आणि तो बोलू लागला.

"राजा, मला शिवायला पान उरले नाही."

"काय हवे ते माग," राजा म्हणाला. "मोल देईन."

"मोलाने पान येत नाही. तुझ्या बहिणीच्या परसातून आलो. तिच्या घरी साठवणीचे एकच मडके उरले आहे. सांडगे आणि वाळवलेला घेवडा. ती दिवसाला एक मूठ शिजवते. काल मी मोजले. शंभर मुठी आहेत."

"मग?" राजाने विचारले.

"मग शंभर दिवस. तू जा आणि तिला भेट."

"रिकाम्या हातांनी? कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा," पक्षी म्हणाला.

 राजाने पालखी मागवली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि मला ती सांगायचे कारणही उरले नसते. पण तो म्हणाला, "नाही. तिच्या शब्दाप्रमाणे होऊ दे. मी पिकवीन, मी नेईन. उपाय सांग."

पक्ष्याने मान वाकडी केली. "मग तीन गोष्टी मिळव. मोल न दिलेले बी. न मोजलेली माती. कर नसलेले पाणी. तिन्ही फुकट घ्यायच्या. एक कवडी दिलीस तर फूल गळेल."

राजा आयुष्यात तलवारीला भ्याला नव्हता. ह्या शब्दाला भ्याला.

पहिले काम बियाण्याचे. बी होते फक्त कवडीनाथाकडे. सात दिवसांची चढण चढून राजा त्याच्या गुहेपाशी पोहोचला. गुहेत राज्यभराचे बियाणे होते, घराघरांतून आलेले, डोंगराएवढे. त्याच्या शिखरावर कवडीनाथ बसला होता. त्याचे सगळे दात सोन्याचे होते.

"किती हवे? भाव बोल," तो म्हणाला.

"एक बी हवे. घोसाळ्याचे. भाव देणार नाही."

"मग बी नाही."

"मग मी इथे बसतो," राजा म्हणाला, आणि गुहेच्या तोंडाशी मांडी घालून बसला.

पहिल्या दिवशी कवडीनाथाने त्याला आग दाखवली. आग राजाच्या मिशीपर्यंत आली आणि विझली. दुसऱ्या दिवशी त्याने बियांची नागीण केली. ती राजाच्या मांडीवर वेटोळे घालून झोपली. तिसऱ्या दिवशी डोंगराखालून गिऱ्हाइके आली, आणि दारात साक्षात राजा भिक्षेला बसलेला पाहून लाजेने परत फिरली. सकाळपासून दुपारपर्यंत एकोणीस गिऱ्हाइके परत गेली. आग आणि नागीण राहिली बाजूला, कवडीनाथाला सहन झाले नाही ते हे.

"अरे, घे हे बी! फुकट घे आणि टळ!" तो ओरडला.

फुकट हा शब्द तोंडातून निघाल्याबरोबर त्याचा एक दात पडला. राजाने दाताकडे पाहिले नाही. बी उचलले, काळे, चपटे, नखाएवढे, आणि तो उतरू लागला. सवयीने त्याचा हात दोनदा कमरेच्या थैलीकडे गेला. दोन्ही वेळा त्याने तो मागे घेतला.

दुसरे काम मातीचे. राज्यातली सारी जमीन मोजलेली होती, कारण ती राजानेच मोजून घेतली होती. शेत, कुरण, स्मशान, सगळ्यावर दगड आणि आकडा. तो राजवाड्याभोवती फिरला. पुढे फरशी, डावीकडे फरशी, उजवीकडे फरशी. मागच्या बाजूला तो जन्मात गेला नव्हता. तिथे मुदपाकखान्याची मोरी वाहत होती, आणि मोरीच्या तोंडाशी पाच पावलांची ओली, काळी जागा होती. तिथे अळूची पाने डुलत होती. अळू कंदावर वाढते; त्याला ना फळ धरायचे असते, ना बी लागते, म्हणून त्यालाच काय तो शाप लागला नव्हता.

एक म्हातारी भांडी घासत होती. तिचे नाव भागाक्का. ती चाळीस वर्षे राजाची ताटे घासत होती, आणि राजा तिला आज पहिल्यांदा पाहत होता.

"ही जागा कोणाची?" राजाने विचारले.

"कुणाचीच नाय, महाराज. उष्ट्या-खरकट्याची जागा, हिला कोण मोजतंय? मी राख टाकते, म्हणून माझी म्हणायची."

"मला द्याल?"

भागाक्काने हातातला काथ्या खाली ठेवला. "तुम्हाला? कशाला?"

"घोसाळ्याचा वेल लावायचा आहे."

म्हातारीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "घ्या की मग. त्यात इचारायचं काय? पण ते जरीचं आधी काढून ठेवा. आन बी सपाट नका टोचू, उभं टोचा, टोक खाली."

ह्यापलीकडे काही नाही. ना दस्तऐवज, ना साक्षी. राजाला वाटले, आपल्याला कोणी इतक्या सहज कधी काही दिले होते का? आणि लगेच आठवले, दिले होते. दर वर्षी. टोपली भरून.

तिसरे काम पाण्याचे. साऱ्या विहिरींवर कर होता. दोन कोसांवर एक पडकी बारव होती. तिच्यावर कर नव्हता, कारण तिला पाणीच नव्हते. पण पक्षी म्हणाला, "तिला पाणी आहे. तिच्याशी बोलावे लागते. आपली एक चूक सांगितली की एक घागर मिळते. खोटे सांगितले तर घागर फुटते."

राजा पायऱ्या उतरला. तळाशी कोरडा दगड. तो घुटमळला, मग म्हणाला, "एकदा मी एका निरपराध माळ्याला तुरुंगात घातले." दगडातून पाणी झिरपले. घागर भरली.

राजाला वाटले होते, आपल्या चुका असतील पाच-सात. रोज एक घागर, रोज एक चूक. विसाव्या दिवशी तो अजून लहानपणातल्या सांगत होता. वेल उगवला, दोन पानांवर आला, चार पानांवर आला. भागाक्काने तुरीच्या काठ्यांचा मांडव करायला शिकवले, शेणकाला कसा घालायचा ते दाखवले, आणि राजाने चुकून शेंडा खुडला तेव्हा त्याच्या नावाने अशी बोटे मोडली की लहानगा राजपुत्र असता तर रडला असता. राजाच्या तळहातांना घट्टे पडले. डोंगरावर गेलेल्या दिवसांच्या रेघा ओढून झाल्यावर रोज सकाळी तो भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढी. शंभर मुठींतली एक मूठ संपली, असा त्याचा अर्थ.

सत्तराव्या रेघेला वेलावर फुले आली. दुपारपर्यंत गळाली. दुसऱ्या दिवशी आली, गळाली. आठ दिवस असेच झाले. राजा मांडवाखाली बसून पिवळी फुले गोळा करी आणि ती भागाक्काच्या राखेच्या टोपलीत टाकी.

"बी फुकटचे, माती फुकटची, पाणी फुकटचे," तो पक्ष्याला म्हणाला. "मग आता काय चुकले?"

"ती गोष्ट बारवेला सांगितलीस का?"

 राजाने ती सांगितली नव्हती. सगळ्या सांगितल्या, तीच ठेवली होती.

त्या दिवशी तो बारवेत उतरला आणि म्हणाला, "मी बहिणीचा वानवळा तोलला. न्यायासाठी तोलला." घागर हातातच फुटली.

तो दुसरी घागर घेऊन आला.  मग म्हणाला, "न्यायासाठी नाही. वकील हसला म्हणून. बहिणीच्या पायांची धूळ पाहून मला लाज वाटली. ही माझी कोणी नाही, भाजीवाली आहे, असे त्या लोकांना वाटावे म्हणून मी तिला पैसे दिले."

बारव काठापर्यंत भरली. राजा कसाबसा पोहत वर आला.

दुसऱ्या दिवशी फूल गळले नाही. त्याच्या पाठीशी करंगळीएवढे हिरवे फळ दिसले. भागाक्काने पाहिले आणि पदराने डोळे पुसले. ती म्हणाली, धुराने पाणी आले. चूल तर पेटली नव्हती. मग रोज फळ धरू लागले. अठ्ठ्याऐंशीव्या रेघेच्या दिवशी पहिले घोसाळे तयार झाले. वीतभर लांब, कोवळे, अंगावर बारीक लव.

पक्षी म्हणाला, "आज ने."

राजाने हात पुढे केला, आणि थांबला. त्याने ते एकच घोसाळे पाहिले. वेलावर आणखी वीस होती, पण बोटाबोटाएवढी.

"एक घोसाळे घेऊन बहिणीच्या दारी कसा जाऊ?" तो म्हणाला. "ती टोपली भरून आणायची. नदीपलीकडचे लोक काय म्हणतील? अठ्ठ्याऐंशी मुठी संपल्या, बारा उरल्या. सहा दिवसांत टोपली भरेल. तरी सहा मुठी शिल्लक राहतील."

"राजा, आज ने."

"मी मोजले आहे," राजा म्हणाला.

"एकच न्या की, महाराज," भागाक्काही म्हणाली. "पयलं फळ हाय. त्याला टोपली कशाला?"

राजाने ऐकले नाही. वाईट माणूस असता तर मी त्याला चार शिव्या दिल्या असत्या. पण त्याला बहिणीला छान काहीतरी द्यायचे होते, आणि त्या हौसेत जुनीच लाज दडून बसली होती, हे त्याचे त्याला कळले नाही. पक्ष्याने धागा चोचीत धरला आणि तो नदीच्या दिशेने उडून गेला.

सहा दिवसांनी टोपली भरली. एकवीस घोसाळी झाली. पहिले मात्र वेलावर राहून जून झाले होते, आत जाळी धरलेले. ते राजाने बियाण्यासाठी तसेच ठेवले. बाकीची वीस टोपलीत घातली, वर अळूचे पान झाकले. साधे धोतर नेसला. टोपली डोक्यावर घेतली. पेठेतून जाताना लोक थबकले, कोणी हसलेही. त्याला त्या दिवशी काही वाटले नाही. अर्ध्या दिवसाची ती वाट चालताना त्याला समजले की ती किती लांब आहे, आणि टोपली मानेवर किती जड होते.

नदी ओलांडून तो बहिणीच्या दाराशी आला. ओट्यावर तिचे यजमान बसले होते. डोके उघडे, दाढी वाढलेली. अंगणात गोवऱ्या तशाच पडलेल्या, घरातून धूर नाही. कोपऱ्यात एक पणती तेवत होती.

राजाने टोपली खाली ठेवली. "दाजी, अक्का कुठे आहे?"

दाजींनी मान वर केली. "केतू, आज तिसरा दिवस."

राजाला शब्द कळले, अर्थ कळेना. "पण अजून सहा मुठी होत्या," तो म्हणाला. "मी मोजल्या होत्या. रोज एक रेघ. अजून सहा होत्या, दाजी."

"मडकं अकरा दिवसांपूर्वीच रिकामं झालं."

"कसे? दिवसाला एकच मूठ ना?"

शेजारच्या दारात एक तरुण बाई उभी होती. तिच्या कडेवर तान्हे मूल होते. ती पुढे आली आणि बोलू लागली. "महाराज, मी माहेरी बाळंतपणाला आले होते. घरात माझ्या तोंडात घालायला काही नव्हतं. अक्कासाहेब रोज भिंतीवरून वाटी द्यायच्या. म्हणायच्या, साठवणीतलं आहे गं, चार घास खा. आम्हाला माहीत नव्हतं त्यांचं मडकं तेवढंच आहे. आम्ही भाव दिला नाही. काय दंड करायचा तो मला करा."

राजा ओट्याच्या पायरीवर बसला. त्याने शंभर मुठी मोजल्या होत्या, दिवस मोजले होते, घोसाळी मोजली होती. बहीण त्यातली मूठ कोणाला देईल, हे त्याच्या मोजणीत आलेच नव्हते. आयुष्यभर जिचा वानवळा खाल्ला, तिच्याबद्दल त्याला एवढेही ठाऊक नव्हते.

"तो लहान पक्षी आला होता," दाजी म्हणाले. "तुझ्या वेलाला फळ लागलं म्हणून सांगितलं. तेव्हापासून ती वाटेकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, आत पड जरा. म्हणाली, केतू येईल, तो आला की उठून दार उघडायला नको का? तीन दिवस बसली. राग नव्हता रे तिचा. केव्हाच गेला होता. शब्द तेवढा परत घेता येत नव्हता."

राजा मोठ्याने रडला. राजे रडतात तसा नाही, लहान मूल रडते तसा. गल्लीतल्या लोकांनी तो आवाज ऐकला आणि ते दारांत आले, पण अंगणात कोणी पाऊल टाकले नाही.

बऱ्याच वेळाने राजाने डोळे पुसले. त्याने पाहिले, घरात चूल थंड आहे. सुतकाच्या घरी चूल पेटवीत नाहीत. शेजारी पिठले-भाकरी आणून देतात, ही त्या राज्याची फार जुनी रीत. "दाजी, तुम्ही जेवलात का?" त्याने विचारले.

दाजींनी मान हलवली.

"तीन दिवस कोणी काही आणले नाही?"

शेजारची म्हातारी, त्या तरुण बाईची आई, आपल्या उंबरठ्यावरून म्हणाली, "काय आणणार, महाराज? घरात काही नाही. आणि असतं तरी भाव घेऊन द्यावं लागलं असतं. सुतकाच्या घरी भाव कोण मागणार? म्हणून आम्ही तोंड लपवून बसलोय."

हा आपलाच हुकूम, हे राजाला ओळखू आले. त्याने टोपली उचलली, भिंतीशी गेला आणि ती म्हाताऱ्या शेजारणीपुढे धरली.

"आमच्या वेलाची आहेत," तो म्हणाला.  "चार घास. सगळ्यांना."

म्हातारीने टोपलीकडे पाहिले, राजाच्या हातांच्या घट्ट्यांकडे पाहिले. "द्या इकडे," ती म्हणाली आणि टोपली घेऊन आत गेली. आतून चुलीवर कढई ठेवल्याचा आवाज आला.

त्याच घटकेला गल्लीतल्या परसांत सुकलेल्या वेलांना पाने फुटली आणि फुलांच्या पाठीशी फळे धरली. सात मोहरा राजवाड्याच्या पायरीवरून आपोआप सुटल्या आणि गडगडत मोरीत गेल्या. डोंगरावर कवडीनाथाच्या गुहेत बियाण्याचा ढीग एकदम उगवला. वेलांनी गुहा फोडली, आणि मांत्रिक उरलेले दात सांभाळीत पळाला तो पुन्हा त्या राज्यात दिसला नाही. लोकांनी डोंगरावर जाऊन आपापल्या घराण्याचे बी ओळखून आणले. पंधरा दिवसांत मेथीची जुडी तांब्याच्या पैशावर आली, महिन्याभरात भाजीचे दुकान उठले.

पण तो सारा पुढचा भाग. त्या दुपारी एवढेच झाले: म्हातारीने भाकरी आणि घोसाळ्याची भाजी पानावर वाढून आणली. भावाने पहिला घास दाजींच्या तोंडाशी नेला. दाजींनी तो घेतला. गल्लीतले लोक एकेक करून अंगणात आले आणि खाली बसले. भाजी सगळ्यांना पुरली. राजाला मात्र घास गिळवेना. कोवळी भाजी होती, मीठ बरोबर होते, आणि ती जिच्यासाठी पिकवली होती ती नव्हती.

राजाने वानवळ्याचा हुकूम मोडला आणि विहिरींवरचा कर काढला. त्याने पुढे बत्तीस वर्षे राज्य केले. चांगले केले, असे लोक सांगतात. वेलही त्याने स्वतः लावला, दर वर्षी, भागाक्काच्या राखेच्या जागेत. ज्या दिवशी पहिले फळ तयार होई, त्याच दिवशी तो ते तोडी आणि एकटा, एकच फळ हातात धरून, पेठेतून निघून जाई. कोणी म्हणे, महाराज, दोन दिवस थांबा, आणखी येतील. तो थांबत नसे. जे पहिले दार उघडे दिसेल तिथे देई आणि परत येई.

परत आल्यावर कधी कधी तो भागाक्काच्या शेजारी मोरीच्या काठावर बसे. एकदा तिने विचारले, "महाराज, येवढं सगळं नीट झालं. आता कसली खंत करता?"

"सहा दिवसांची," राजा म्हणाला.

भागाक्काने त्याचे सांत्वन केले नाही. तिने एक काळे पडलेले पातेले आणि थोडी राख त्याच्याकडे सरकवली, आणि राजा ते घासू लागला. राज्य सावरले, वेल फळले, घरोघर चार घास पोहोचले. एका घरी ते उशिरा पोहोचले, एवढेच ह्या गोष्टीत बाकी राहिले.